राहू द्या, सर

समजा, तुम्ही एका लांबट खोलीत बसला आहात. महिना एप्रिलचा, आणि तोही खानदेशातला. खिडकीच्या गजाला हात लावला तर चटका बसेल. कोपऱ्यात कूलर आहे, पण त्याचा पंप बिघडलाय. छताला एक जुना पंखा गरगरतोय आणि प्रत्येक फेरीला खट् करतोय. लांब टेबलावर कागद आहेत आणि ते उडू नयेत म्हणून कुणी त्यांच्यावर चष्म्याची डबी ठेवलीय, कुणी पाण्याचा ग्लास. टेबलाच्या एका बाजूला सात माणसं बसवा. त्यातली एक मी. माझे केस तेव्हा निम्मे तरी काळे होते, तेवढं लक्षात असू द्या. समोर एकच खुर्ची ठेवा आणि तिच्यावर पांढरा स्वच्छ शर्ट घातलेले, गोड आवाजाचे एक गृहस्थ बसवा.

बसवलेत? मग ऐका.

माझ्यासमोरचा कागद पुन्हा उडाला. बटण माझ्या मागच्याच भिंतीवर होतं. मी उठले, हात पुढे केला आणि विचारलं, "पंखा थोडा वेळ बंद करू का?"

"राहू द्या, बाई," समोरचे गृहस्थ म्हणाले. "फार उकडतंय."

मी बसले. पंखा फिरत राहिला.

ते गृहस्थ हसले. "बघितलंत? मी राहू द्या म्हणालो आणि पंखा राहिला. बाईंना लगेच कळलं. राहू द्या म्हणजे राहू द्या. मी सकाळपासून तेच तर सांगतोय."

पंखा खट् खट् करत होता.

आता तुम्ही विचाराल, सात मोठी माणसं भर उन्हाळ्यात एका शब्दावर का अडून बसली होती? तेच सांगते.

ती खोली एका विद्यापीठातली होती. कुठलं विद्यापीठ ते सांगणार नाही, आणि माणसांची नावंही मी बदलली आहेत. अशा कामात जे ऐकलं ते नावानिशी बाहेर सांगायचं नाही, असा नियम असतो आणि तो चांगला नियम आहे. विद्यापीठात शिकणाऱ्या किंवा काम करणाऱ्या कुणा बाईला, मुलीला कुणी तिच्या मनाविरुद्ध हात लावला, नको ते बोललं, तर तिनं कुणाकडे जायचं? त्यासाठी तिथे एक समिती असते. समिती आधी तिचं ऐकते, मग त्याचं ऐकते, आणि काय घडलं ते ठरवते. समितीत कमीत कमी निम्म्या बायका असाव्या लागतात. आणि एक माणूस बाहेरचा असावा लागतो, कारण रोज एकमेकांच्या डब्यातलं खाणारी माणसं एकमेकांना सांभाळून घेतात. मी ती बाहेरची. आयुष्यभर चौथीचा वर्ग शिकवला, आणि निवृत्त झाल्यावर गावात बायकांसाठी एक सल्ला केंद्र चालवत होते. मला सगळे वारकेबाई म्हणायचे.

समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. शबाना तडवी. रसायनशास्त्र शिकवायच्या, तोंडाने तिखट आणि कामाला चोख. त्यांच्या शेजारी खोडपे सर, मराठीचे प्राध्यापक. व्याकरणात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. बाकीच्या चौघांची नावं तुम्ही लक्षात ठेवली नाहीत तरी चालेल.

आणि समोरचे ते गोड आवाजाचे गृहस्थ म्हणजे डॉ. देवकर. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्याविरुद्ध तक्रार होती.

तक्रार केली होती हर्षाली सोनवणे नावाच्या मुलीने. मुलगी म्हणजे चांगली पंचविशीची. तिच्या वडिलांची तापीकाठी केळीची बाग होती. केळीच्या पानांवर करपा पडतो, पान कडेपासून वाळत जातं आणि घड पोसत नाही. तो करपा येतो कसा आणि थांबवायचा कसा, हे ती शोधत होती. देवकर तिचे मार्गदर्शक. मार्गदर्शक म्हणजे ज्याच्या सहीवाचून पदवी मिळत नाही असा माणूस. आता असा माणूस रोज तुमच्या मागे येऊन उभा राहिला, तुम्ही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या असताना त्याने खांद्यावर हात ठेवला, मग पाठीवर ठेवला, तर तुम्ही काय कराल? हर्षालीने स्टूल सरकवून पाहिलं. प्रयोगशाळेत यायची वेळ बदलून पाहिली. आणि दर वेळी, हात आला की ती म्हणायची, "राहू द्या, सर."

त्या दिवशी सकाळी तिने हे सगळं आम्हाला सांगितलं. आवाज बारीक होता, पण अडखळली नाही.

खोडपे सरांनी विचारलं, "मग नको असं सरळ का नाही म्हणालीस, पोरी?"

ती त्यांच्याकडे जरा नवलानं बघत राहिली. "सरांना नको कसं म्हणणार, सर? आमच्या घरी मोठ्या माणसांना नको म्हणत नाहीत. राहू द्या म्हणतात."

"तुला समितीकडून काय हवंय?" तडवी मॅडमनी विचारलं.

"मला त्यांना तुरुंगात वगैरे टाकायचं नाही, मॅडम. मला माझी पानं तपासायची आहेत. पण त्यांच्याच हाताखाली परत बसायचं असेल, तर मी घरी जाते. पिशवी भरूनच आणलीय. संध्याकाळची बस आहे. बाबा म्हणतात, केळी लावायला शिक्षण लागत नाही."

एवढं बोलून ती बाहेर गेली. मग देवकर आले, आणि त्यांनी सगळ्यांना चकित केलं. कारण त्यांनी काहीच नाकारलं नाही.

"हात ठेवला होता. कौतुकानं ठेवला होता," ते म्हणाले. "ती राहू द्या सर म्हणाली, मी राहू दिला. तिने नको म्हटलं असतं तर त्याच क्षणी काढला असता. तिलाच विचारा, ती कधी नको म्हणाली का? एकदाही नाही. आता बोलणारीनं एक बोलायचं आणि ऐकणाऱ्यानं भलतंच समजायचं, असं असतं का कुठे?"

आणि मग तो पंखा.

देवकर गेल्यावर तडवी मॅडमनी पेन टेबलावर आपटलं. "बोला. याला काय म्हणायचं?"

खोडपे सर कपाळाला आठ्या घालून बसले होते. ते लबाड माणूस नव्हते, हे मी आधीच सांगून ठेवते. उलट इतके सरळ होते की त्याचाच त्रास व्हायचा.

"मॅडम, तो नीट वागला नाही असं मलाही वाटतं," ते म्हणाले. "पण नुसतं वाटून भागत नाही. ती नको म्हणाली नाही. तिने जो शब्द वापरला त्याचा अर्थ दोन्हीकडे जातो. राहणे म्हणजे असणे, टिकणे. आताच पंखा राहिला की नाही? तिला ते नकोसं होतं, कबूल. पण तिला नकोसं आहे हे त्याला कळत होतं, असं आपण छातीठोक कसं म्हणणार?"

"सर, राहू द्या म्हणजे काय, हे माझ्या घरच्या मांजरालाही कळतं."

"मांजराची साक्ष नोंदवता येत नाही, मॅडम."

"मग तुमचं म्हणणं काय?"

"त्याला समज देऊ. पुन्हा असं करू नका म्हणून सांगू. आणि प्रकरण मिटवू."

"आणि ती?"

खोडपे सर समोरचे कागद सारखे करू लागले. चौघांपैकी दोघांनी मात्र त्यांच्याकडे बघून मान डोलावली होती. शब्दाचा प्रश्न आला की त्या विद्यापीठात खोडपे सरांच्या पुढे कुणी जात नसे. आणि समितीतच दोन तट पडले, तर देवकर वरच्या दाराशी जाऊन उद्याच म्हणणार होते, बघा, यांचं यांनाच ठरत नाही.

मी गप्प राहिले. वर्गात एखाद्याचं गणित अडलं आणि आपण त्याला उत्तर मोठ्यानं ओरडून सांगितलं, तर तो ते वहीत लिहितो, पण पुढच्या गणिताला पुन्हा तिथेच अडतो. तेव्हा मी नुसतं म्हटलं, "जेवून घेऊ या का?"

त्या दिवशी मी एकटी गेले नव्हते. माझी नात ऋजू बरोबर होती. दुसरीची परीक्षा संपून सुट्टी लागलेली, तिचे आईवडील नाशिकला लग्नाला गेलेले, मग तिला ठेवणार कुठे? समितीच्या खोलीत तिला येता येत नव्हतं. मी तिला विश्रामगृहाच्या ओसरीवर चित्रांची वही देऊन बसवलं होतं. जेवायला म्हणून तिकडे गेले, तर वही ओसरीवर आणि ही कडुनिंबाखाली हर्षालीच्या शेजारी. दोघींच्या तोंडात पिंपळाच्या पानाच्या पिपाण्या. हर्षालीची पींss अशी लांब वाजत होती आणि ऋजूच्या पिपाणीतून नुसतीच थुंकी उडत होती.

"आजी, या ताईला सगळी पानं माहितीयत," ऋजू म्हणाली. "झाडाचं पान आजारी पडतं, तुला माहितीय?"

"हो का? चल, जेवायला चल."

हर्षालीने माझ्याकडे बघितलं, आणि मी तिच्याकडे. तक्रार करणारीशी बाहेर त्याबद्दल बोलायचं नसतं, म्हणून दोघीही नुसत्या हसलो. तिने स्वतःचा डबा उघडला. झाडाच्या बुंध्याशी तिची मोठी निळी पिशवी टेकवून ठेवलेली होती.

जेवणाला वरण-बट्टी होती. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते: बट्टी म्हणजे जाड्याभरड्या कणकेचा गोळा, आधी उकडून मग तळलेला. तो ताटात कुस्करायचा, त्यावर तुरीचं वरण घालायचं आणि वर तूप. तूप किती, याला हिशेब नाही. आणि खोडपे सर ताटावर बसले की ते प्राध्यापक राहत नसत, यजमान होत. वाढणाऱ्याच्या हातातून तुपाची वाटी त्यांनी काढूनच घेतली.

"मॅडम, ताट पुढे करा."

"बास, सर. डॉक्टरांनी तूप बंद केलंय."

"डॉक्टर जळगावचे आहेत का? नसतील. जळगावचा डॉक्टर असं बोलणारच नाही." धार पडली.

"सर, बास, बास म्हटलं ना."

"बास म्हणायची रीतच असते. वाढायचीही रीत असते." अजून थोडी धार पडली. तडवी मॅडम हसायला लागल्या. सकाळपासून पहिल्यांदाच कुणीतरी हसत होतं. सर पुढे सरकले, एकेकाच्या ताटात धार धरत, कुणाचं न ऐकता. माझ्याही ताटात वाटीभर तूप आलं. मग ते ऋजूपाशी पोचले.

ऋजूचं अर्धं जेवण झालं होतं. सरांनी वाटी कलती केली.

"राहू द्या, आजोबा," ऋजू म्हणाली.

सरांनी वाटी झटकन सरळ केली. एक थेंब टेबलावर पडला. ते पुढच्या माणसाकडे वळले, वाटी कलती करणार, आणि थबकले. मग वाटी तशीच हातात धरून ते ऋजूकडे परत आले.

"काय म्हणालीस गं तू?"

ऋजूने माझ्याकडे पाहिलं. आपलं काही चुकलं का, असं तिच्या तोंडावर होतं. मी म्हटलं, "सांग ना, आजोबा विचारतायत."

"राहू द्या म्हटलं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे नकोय मला. पोट भरलं."

"मग नको का नाही म्हणालीस?"

"आजी म्हणते, मोठ्या माणसांना नको म्हणू नये. राहू द्या म्हणावं."

"बरं. आणि मग मी तूप का नाही वाढलं?"

ऋजूने त्यांच्याकडे असं बघितलं, की या आजोबांना बरं वगैरे नाही की काय. "मी राहू द्या म्हटलं ना," ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली. लहान मुलाला समजावतात तसं.

टेबलावर सगळ्यांचं जेवण थांबलं होतं. दारातून पिपाणीचा एक लांब सूर आत आला.

सरांनी वाटी खाली ठेवली. दोन ढांगांत ते भिंतीपाशी गेले. या खोलीतही पंखा होता. त्यांनी बटणाकडे हात नेला आणि ऋजूला विचारलं, "पंखा बंद करू?"

"राहू द्या ना, आजोबा. गरम होतंय."

सर तिथेच उभे. हात बटणाजवळ. "पंखा राहिला," ते स्वतःशीच म्हणाले. "तूप आलं नाही. शब्द तोच. एकीकडे आहे ते चालू राहतं, दुसरीकडे येणारं येत नाही. मग अर्थ कुठे बसलाय?"

तडवी मॅडम काहीतरी बोलायला निघाल्या. मी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला. चौथीतल्या मुलाचा डोळा फळ्यावरून हलत नाही ना, ओठ पुटपुटत असतात ना, तेव्हा वर्गात कुणी खोकलंसुद्धा तर मी रागवायची.

थोडं थांबून मी विचारलं, "सर, तूप वाढताना ती राहू द्या म्हणाली, तेव्हा काय थांबलं?"

"वाटी. म्हणजे माझा हात."

"आणि आत्ता?"

त्यांनी बटणापाशी अधांतरी राहिलेल्या आपल्या हाताकडे पाहिलं. चांगला बराच वेळ पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी वर्गात पुष्कळदा पाहिलं होतं. ते बघायला मिळावं म्हणूनच माणूस मास्तरकी करतो.

"आत्ताही हातच, बाई," ते म्हणाले. "दोन्ही वेळा माझा हात थांबला. समोरचा जे करायला निघालाय ते त्याने करू नये, एवढाच या शब्दाचा अर्थ. दुसरा नाहीच. वस्तू राहते की जाते याच्याशी त्याचा संबंधच नाही. सकाळी तुम्हीही बटणाकडे हात नेला होता आणि मागे घेतला होता. आम्ही सगळे पंख्याकडे बघत बसलो. हाताकडे कुणी बघितलंच नाही."

मग ते ऋजूच्या समोरची खुर्ची ओढून बसले आणि हसायला लागले. मोठ्यानं, खांदे हलवत. "तीस वर्षं मराठी शिकवतोय, मॅडम. तीस वर्षं. आणि वरण-बट्टीवर उलगडलं."

"मांजर बोलावू का आता?" तडवी मॅडमनी विचारलं.

"बोलवा. त्याची माफी मागतो."

ऋजूला यातलं काहीच कळलं नव्हतं. पण सगळे हसतायत म्हणून तीही हसली, आणि मग हळूच मला म्हणाली, "आजी, मी ताईकडे जाऊ? माझी पिपाणी अजून वाजत नाहीये."

दुपारी देवकरांना पुन्हा बोलावलं. ज्याच्यावर आरोप आहे त्याला शेवटचं बोलायची संधी द्यावीच लागते. खोलीत शिरण्याआधी तडवी मॅडमनी सरांना बाजूला घेतलं. "सर, आत नाटक करायचं नाही हं."

"नाटक कसलं, मॅडम? चहा सांगितलाय फक्त."

देवकर आले, सकाळसारखेच हसतमुख. पुन्हा तेच म्हणाले, तितक्याच गोड आवाजात. मध्येच चहा आला. बिनसाखरेचा, साखर वेगळ्या वाटीत. खोडपे सरांनी उठून स्वतः कप सगळ्यांसमोर ठेवले. देवकरांपाशी आले, चमचाभर साखर उचलली आणि कपावर नेली.

"राहू द्या, सर," देवकर म्हणाले. "मला साखर चालत नाही."

सरांचा चमचा कपावर तसाच राहिला. "मग घालू की थांबू?"

"थांबा ना. राहू द्या म्हटलं की."

ते बोलून गेले आणि मग त्यांना ऐकू आलं, आपण काय बोललो ते. पंखा खट् खट् करत होता. एवढा वेळ मला त्या आवाजाचा वैताग आला होता, त्या क्षणी मात्र तो फार छान वाटला.

सरांनी साखर वाटीत परत टाकली. "थांबलो," ते म्हणाले. "लगेच थांबलो. तुम्हाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. मॅडम, एवढं फक्त नोंदवून घ्या."

देवकरांनी चहा घेतला नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. आमचा अहवाल एकमताने गेला. देवकरांची वेतनवाढ थांबली आणि त्यांच्या हाताखाली पुन्हा कुणी विद्यार्थी दिला गेला नाही. ते वर भांडायला गेले, पण तिथेही त्यांना आधी या शब्दाचा अर्थ सांगा असंच विचारलं गेलं. ते सगळं व्हायला बराच काळ लागला. पण एक गोष्ट त्याच दिवशी करता येत होती. चौकशी पुरी होईपर्यंत तक्रार करणारीचा मार्गदर्शक बदलून द्या, असं समिती लगेच सुचवू शकते. ते आम्ही तिथल्या तिथे ठरवलं, आणि तडवी मॅडमनी कुलगुरूंच्या कार्यालयात स्वतः जाऊन त्यावर होकार आणला.

त्या परत आल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मी ओसरीवर आले. कडुनिंबाखाली पिशवी नव्हती. विश्रामगृहाच्या फाटकाशी रिक्षा उभी होती, पिशवी तिच्या मागच्या सीटवर होती, आणि हर्षाली एक पाय आत टाकून ऋजूला काहीतरी समजावत होती. ऋजूने तिच्या ओढणीचं टोक धरून ठेवलं होतं.

"हर्षाली, थांब गं," तडवी मॅडमनी हाक मारली. त्या जवळजवळ पळतच फाटकापाशी गेल्या. मागून खोडपे सर, मागून मी.

"मॅडम, बस चुकेल."

"चुकू दे. आधी ऐक. आजपासून तू देवकरांच्या हाताखाली नाहीस. दुसरा मार्गदर्शक मिळेल. कोण हवा ते दोन दिवसांत विचार करून सांग. तुझी पानं, तुझं टेबल, सगळं तुझंच राहील. त्यांनी त्या प्रयोगशाळेत यायचं नाही, असं त्यांना सांगितलंय."

हर्षालीने रिक्षाच्या दांडीला घट्ट धरलं होतं.

"बाकीचा निकाल यायला वेळ लागेल," मॅडम म्हणाल्या. "तो मला आज सांगता येणार नाही."

"निकालाचं नाही, मॅडम." तिने खोडपे सरांकडे पाहिलं. "मी काय म्हणत होते ते... सरांना समजलं का?"

खोडपे सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. एवढा बोलका माणूस, पण शब्द शोधत राहिला. "समजलं, पोरी," ते म्हणाले. "उशीर झाला. पण नीट समजलं."

हर्षालीने मान खाली घातली. ती रडेल असं मला वाटलं, पण ती हसत होती. हसू दाबायला बघत होती आणि ते दाबलं जात नव्हतं.

रिक्षावाला मघापासून आरशातून आम्हाला बघत होता. "ताई, बसताय ना? स्टँडवर पोचेपर्यंत गाडी निघून जाईल बघा. नंतर मला बोल लावू नका."

हर्षालीचा एक पाय रिक्षात होता आणि एक जमिनीवर. ती तशीच उभी राहिली. तिला काय करावं ते सुचत नव्हतं. इतके दिवस जायचं म्हणून मनाशी ठरवलेलं असतं, ते एकदम मोडता येत नाही. राहा म्हणून सांगणं सोपं होतं, पण ते तिचं तिनेच ठरवायला हवं होतं.

ऋजूने ओढणी सोडली.

"ताई," तिने विचारलं, "पिशवी उतरवू का?"

हर्षालीने तिच्याकडे पाहिलं. मग रिक्षात टाकलेला पाय तिने बाहेर काढला.

"उतरव," ती म्हणाली.

ऋजू रिक्षात चढली. पिशवी तिच्यापेक्षा मोठी होती. तिने आधी ओढून पाहिली, मग पलीकडे जाऊन सीटला पाठ लावली आणि दोन्ही पायांनी ढकलली. पिशवी धप्पकन रस्त्यावर पडली. मग ती खाली उतरली, समोर जाऊन रिक्षावाल्याला म्हणाली, "काका, तुम्ही जा आता. ताईला पानं बघायचीयत," आणि परत येऊन दोन्ही हातांनी पिशवीचा बंद धरून ती ओढायला लागली. वसतिगृह कुठल्या बाजूला आहे हे तिला ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. ती पिशवी फरफटत, धूळ उडवत, मागे वळूनही न बघता बरोबर उलट दिशेला निघाली.